ताल धरायचा की वायर

मला गाडीतल्या गाण्यांची मुळीच हौस नाही. गाडी चालवताना मला समोरच्या बसला शिव्या घालायच्या असतात, त्यात मध्येच कुणी सूर लावलेला मला खपत नाही. तरी त्या सकाळी तंजावूरहून ओरत्तनाडूला निघताना मी स्टिरिओपुढं हात जोडून बसले होते, ते धाकट्या आत्यापायी.

तिच्या मुलाचा त्या दिवशी साखरपुडा होता, तिथल्या तिच्या सासरच्या घरी. मुलगी पुण्याची. मुलीच्या आईनं फोनवर सहज विचारलं, "तुमच्याकडं अजून जुनी गाणी म्हणतात ना हो?" लगेच आत्यानं "या तर खऱ्या, मीच म्हणून दाखवतें" असं कबूल करून टाकलं. खरी गोष्ट अशी, की आमच्या घरात गाणारी थोरली आत्या. धाकटी जन्मभर तिच्या मागं बसून नुसतं ध्रुपद ओढायची. थोरलीला जाऊन दोन वर्षं झाली, आणि गाणं कागदावर कुठंच नाही. असतं तरी काय उपयोग? आत्याला वाचता येतं ते तमिळ.

गाणं होतं माझ्या जुन्या म्युझिक प्लेयरमध्ये. काड्यापेटीएवढी वस्तू. फिरायला जाताना ऐकू म्हणून घेतली आणि फिरायला काही गेले नाही. तिच्यात रेकॉर्डिंगचं बटण होतं, म्हणून एकदा स्वयंपाकघरात दोघी आत्यांना बसवून मी ते गाणं भरून घेतलं होतं. आता कॉम्प्युटरला जोडलं तर तो तिला ओळखच दाखवत नाही. इयरफोन कानाशी नेला की आत्याचं श्रवणयंत्र किंचाळतं. राहिली माझी गाडी. तिच्या स्टिरिओला वायर खुपसायचं एक भोक आहे. पाऊण तासाचा रस्ता, आणि तेवढ्यात आत्याची तीन कडवी पाठ व्हायला हवी होती. नाही तर पुण्याच्या व्याह्यांपुढं तिची शोभा.

वायर खुपसली, बटण दाबलं. मिक्सर फिरला, कावळा ओरडला, कुकरची शिट्टी झाली. गाण्याचा पत्ता नाही.

"ती कुठं गेली गे?" आत्यानं विचारलं.

भोक ढिलं झालं होतं. वायर अर्धवट टेकली की गाणारीचा आवाज तेवढा गडप होतो आणि आजूबाजूचा गोंगाट शाबूत राहतो, हे ज्ञान मला त्या दिवशी झालं. अंगठ्यानं तिरकी दाबून धरली तरच थोरली प्रकट व्हायची. माझे दोन्ही हात गुंतलेले. म्हटलं, "आत्या, तूच धर."

तिनं धरली. थोरलीचा आवाज आला मात्र, आत्याचा हात मांडीवर पडला. लहानपणी तिरुवैयारूला चार दिवस गाणं शिकलेल्या बाईला ताल न धरता गाणं ऐकताच येत नाही. हात मांडीवर, वायर सुटलेली, थोरली गायब, कुकर हजर.

"आत्या, ताल धरू नकोस!"

"मी कुठं धरलें?"

पुन्हा तेच. मी सुचवलं, ताल डाव्या हातानं धर.

"डाव्या हातानं? ऐय्यो, शुभकार्याला चाललों आहों आपण!"

शेवटी मी गाडी कडेला घेतली आणि मागच्या सीटवरचं फळांचं ताट उचलून तिच्या मांडीवर ठेवलं. मोसंब्यांवर ताल धरता येत नाही. मग ती पायानं धरू लागली, तिकडं मी दुर्लक्ष केलं.

आता गाणं सलग आलं. दोन कडवी झाली, आणि थोरलीनं सूर न सोडता, त्याच चालीत म्हटलं, "अडुपावर दूध पोंगतंय, जाऊन पाहा गे." ती चुलीवर उतू जाणाऱ्या दुधाची सूचना होती. तिच्यामागून तिसरं कडवं. आत्यानं सूचनेसकट सगळं घोकायला घेतलं. मी सांगणार होते, पण नेमकी एक बस अंगावर आली. तिचा समाचार घेईतों घर आलं, आणि दारात पाहुणे उभे.

आत्या गायली. सुरुवातीला आवाज कापत होता, मग स्थिरावला. दुधाची ओळ आली तशी मी खाली मान घातली.

"ही दुधाची ओळ आमच्याकडं नाही हो!" मुलीची आई भारावून म्हणाली आणि फोनवर टिपून घेऊ लागली.

"तुमच्याकडं पोंगत नसेल," आत्या म्हणाली.

मी तिला मागच्या अंगणात गाठलं. "आत्या, ती ओळ गाण्यातली नव्हे. थोरली आत्या दुधाचं सांगत होती."

"ठाऊक आहे मला. मलाच तर सांगत होती." ती पदरानं मान पुसत होती. "दरवेळी तिथंच सांगायची. मी उठून जायची, परत येईतों गाणं संपलेलं असायचं. तिसरं कडवं मी आज तुझ्या गाडीत पहिल्यांदा ऐकलें."

मी विचारलं, "मग म्हटलीस कशाला ती ओळ?"

"त्या ओळीवाचून पुढं जायची वाटच ठाऊक नाही मला. ओळ म्हटलें," ती म्हणाली, "आणि उठलें नाही."