फळीच्या आतले बाण

स्ट्रक्चरल ॲनालिसिसच्या तासाला मॅडमनी फळ्यावर काढलेल्या तुळईवर उभी रेघ मारली. "इथे मनातल्या मनात कापायचं," म्हणत त्यांनी कापल्या जागी आतल्या ताण-दाबांचे बाण काढले.

"मॅडम, न कापता हे बाण आत असतात?" मी विचारलं.

"असतात की. कापल्याशिवाय दिसत नाहीत."

माझ्या डोक्यात काही शिरेना. खिडकीबाहेर, विटांच्या दोन थप्प्यांवर टाकलेल्या फळीवर बसून एक गवंडी निवांत भाकरी खात होता. फळी जराशी वाकली होती, बाकी अगदी गप्प. तिला कुठे कापावं, हे ठरेपर्यंत तास संपला.

बाहेर आलो तर आईचा फोन.

"जमतंय ना रे सगळं?"

"हो, जमतंय की."

माझा आवाज अगदी सरळ आला. आईला माझ्यावर मॅडमसारखी रेघ मारता येत नाही, हे बरं की वाईट, तेही मला कळेना.