वहीवाल्या बाई

त्या रुग्णालयात त्यांना कोणी डॉक्टर म्हणून ओळखतच नसे. चौकशीच्या खिडकीतली बाईसुद्धा सरळ सांगायची, "वहीवाल्या बाई ना? तिसरा मजला, संडासाच्या शेजारची खोली." खोली तिथेच का, हे बाहेरच्या बाकावरची माणसं बघून लगेच कळायचं. मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात, रक्त पडतं, माणूस दिवसातून दहा-पंधरा वेळा धावतो, असला हा मेला आजार. त्या माणसांना ते दार जवळच लागतं.

बाईंच्या बरोबरीचे सगळे हृदयाकडे नाहीतर मेंदूकडे गेले. आतड्याकडे कोण ढुंकून बघतंय? बाई मात्र हट्टानं तिकडे गेल्या आणि सव्वीस वर्षं तिथेच रुतून बसल्या. सकाळी पेशंट, दुपारी प्रयोगशाळेतले उंदीर. लग्न राहून गेलं, त्याचं त्यांना फारसं वाटलंही नाही. धाकटी बहीण चारचौघांत म्हणायची, "आमची ताई जगाची शी मोजते!" सगळे खो खो हसायचे, आणि सगळ्यांत मोठ्यानं ताईच. पण खरं सांगायचं तर हसण्यासारखं काही नव्हतं. सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून एकही पेशंट पुरता बरा झाला नव्हता. आजार दबायचा, लपायचा, आणि वर्षा-दोन वर्षांनी दुप्पट चवताळून परत यायचा.

मोजायच्या मात्र खरंच हो! प्रत्येक पेशंटला शंभर पानी वही. रोज किती वेळा जावं लागलं, रक्त होतं का, बस्स, एवढंच लिहायचं. महिन्यातून एकदा पेशंट समोर बसला की बाई आकड्यांवरून बोट फिरवत जायच्या. आकडा उतरलेला असला की त्यांचा चेहरा असा काही उजळायचा, की पेशंटला वाटावं आपण परीक्षेत पहिलेच आलो. वाढलेला असला तर एका शब्दानं बोलायच्या नाहीत, नुसता चष्मा काढून पुसत बसायच्या. पेशंट बिचारा खजील व्हायचा. आता आजारी माणसानं खजील कशाला व्हायचं? पण व्हायचा.

नऊ वर्षं घासून बाईंनी एक औषध तयार केलं. निरोगी माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या एका जंतूपासून काढलेलं. उंदरांच्या जखमा त्यानं भरल्या. माणसांवर चाचणी घ्यायची परवानगी मिळवताना बाईंच्या नाकी नऊ आले, पण मिळाली एकदाची. साठ पेशंट, सहा महिने. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तश्शीच दिसणारी बिनऔषधाची कॅप्सूल. कोणाला काय, ते बाईंनाही ठाऊक नाही. दर महिन्याला वही बघायची, आणि आत दुर्बीण घालून तपासायचं ते अगदी शेवटी. नियम बाईंनीच लिहिले होते. त्यातला एक असा, की तपासणाऱ्याचा नातेवाईक घ्यायचा नाही.

तोच त्यांनी मोडला. बहिणीची मुलगी एकोणीस वर्षांची, तीन वर्षं ह्याच आजारानं पिळून निघालेली. होती नव्हती ती सगळी औषधं झाली होती. सर्जन म्हणाला होता, आता आतडं काढण्यावाचून इलाज नाही. बहीण बाईंच्या खोलीत आली, दार लावलं आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "ताई, आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. माझ्या पोरीचं आतडं वाचव गं." औषध मिळायची शक्यता निम्मीच होती. पण निम्मी तर निम्मी! फॉर्मवरच्या नात्याच्या रकान्यात बाईंनी 'नाही' लिहिलं.

पहिल्या महिन्यात भाचीचा आकडा चौदावरून अकरावर आला. मग आठ. चौथ्या महिन्यात चार! बाईंना आभाळ ठेंगणं झालं. व्हरांड्यातूनच त्यांनी बहिणीला फोन लावला आणि तो आकडा दोनदा वाचून दाखवला.

त्याच दिवशी सर्जननं भाचीला जिन्यात पाहिलं. तो बाईंचा कॉलेजपासूनचा दोस्त. आत येऊन म्हणाला, "अगं, पोर वाळून काडी झालीय. एकदा दुर्बीण घालून बघू या का?"

"वही बघ आधी! चारवर आलीय ती."

"मी पोरीकडे बघून बोलतोय, वहीकडे नाही."

"तू कापणारा माणूस. तुला सगळीकडे कापायचंच दिसतं," बाई फटकन म्हणाल्या. "उगाच तिला त्रास नको."

दुसऱ्या कोणाचा चेहरा तसा पांढराफटक असता तर बाईंनी त्याला तिथल्या तिथे तपासायच्या टेबलावर घेतलं असतं. भाचीला मात्र त्यांनी घरी पाठवलं.

पाचव्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी भाची न्हाणीघरात कोसळली. आतडं फुगून फाटलं होतं. सर्जन चार तास उभा होता. जीव वाचला, पण मोठं आतडं सगळंच काढावं लागलं, पोटावर पिशवी आली. कोणाला काय मिळतंय ते लिहिलेलं प्रत्येकाचं एक बंद पाकीट होतं; नियमाप्रमाणे भाचीचं उघडलं. तिला औषधच मिळत होतं. खरं औषध.

तिसऱ्या दिवशी भाची बोलायला लागली. बाई पलंगाशी बसून तिचा हात चोळत म्हणाल्या, "चारवर आली होतीस गं तू. मग असं कसं झालं?"

पोरीनं तोंड फिरवलं. "चार नव्हतं, मावशी. सोळा-सतरा होतं. रक्तपण होतं."

"आणि लिहिलंस काय?"

"तू चष्मा पुसायला लागलीस की मला बघवायचं नाही. नऊ वर्षं राबलीस तू. माझ्यामुळे पडलं असतं ना तुझं औषध." मग हळूच म्हणाली, "रागावलीस?"



सोमवारी त्या खोलीत जाऊन बसल्या, कारण पेशंट आले होते. पहिला आला म्हातारा शिंपी. बारावरून तीनवर आलेला, सगळ्या चाचणीत सगळ्यांत चांगला आकडा त्याचाच. त्यानं पुढे केलेली वही बाईंनी मिटूनच ठेवली.

"काका, खरं सांगा. काल किती वेळा जावं लागलं?"

शिंप्यानं त्यांच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. मान खाली घातली, खिशातलं पेन काढलं आणि मायेनं म्हणाला, "तुम्ही जिवाला लावून घेऊ नका बाई. किती लिहू, ते सांगा ना."

बाहेर बाकावर अकरा जण मांडीवर वह्या घेऊन बसले होते. बाईंनी दार लावून घेतलं आणि त्या म्हाताऱ्यासमोरच हमसून हमसून रडल्या.