नाकाशी तुटलेला फोटो

"रविवार, ४ नोव्हेंबर २०१२. पहाटे गारठा. नळ उशिरा आला. निधी सुट्टीला आली, सकाळपासून कॉम्प्युटरशी."

डायरीत एवढं लिहून मंदाकिनीबाई पेनचं टोपण लावतात न लावतात, तोच आतून नातीची हाक आली, "आजी, आबा आ गए!"

बाई उठून आत गेल्या. समता कॉलोनीतल्या त्या घरातून बाईंचे यजमान, निधीचे आबा यशवंतराव, जाऊन वर्ष होत आलं होतं. पुढल्या महिन्यात वर्षश्राद्ध, आणि फ्रेमला लावण्याजोगे फोटो फक्त गेल्या दिवाळीतले. ते सगळे निधीच्या हातून कॅमेऱ्यातून चुकून पुसले गेले होते. तेव्हापासून कॅमेरा कपाटातच होता. पुसलेल्या फोटोचं फक्त नाव जातं, फोटो कॅमेऱ्यातल्या कार्डावर राहतो, असं कॉलेजात कळल्यावर निधीनं ते शोधणारा प्रोग्रॅम लिहिला होता. सी भाषेतला तिचा पहिलाच मोठा प्रोग्रॅम.

बाईंनी चष्मा लावला आणि कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. पांढरे केस, कपाळ, डोळे. नाकाशी चेहरा सपकन कापलेला, खाली नुसता करडा रंग.

"अगं, ह्यांचं हे काय करून ठेवलं तू!"

"मैंने नहीं, आजी, प्रोग्रॅमने काटा. और ये देखो, शेकड्यांनी फायली बनल्या, खुलतीच नहीं."

"नवा फोटो सुरू झाला, हे त्याले कसं समजते?"

"हर फोटो के शुरू में ठरलेले आकडे असतात. पहिला आकडा दिखा, की नई फाइल."

"नुसता पहिलाच? तात्यापाऱ्याच्या मराठी वस्तीत जाऊन नुसतं 'शामराव' म्हणून हाक मार, चार घरचे म्हातारे बाहेर येतील. नाव, बापाचं नाव, आडनाव, तिन्ही लागतात, पोट्टे!"

निधी थबकली. तो पहिला आकडा फोटोच्या पोटातही येत होता, आणि तिथंच प्रोग्रॅम फोटो तोडून नवी फाइल उघडत होता. तिनं पहिले तीनही आकडे तपासायची अट घातली आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला.

चेहरा पुरता आला. नाक, मिशा, मिशांखाली टम्म फुगलेला गाल. हातात वाटी, वाटीत गुलाबजाम.

बाई पडद्याजवळ वाकल्या.

"अगं बाई! साखर वाढली होती ह्यांची! मी चहासुद्धा फिका देत होते!"

"आबा बोले थे, आजी के आने से पहले मिटा दे," निधी पुटपुटली. "एकच मिटवायचा होता, सगळेच गेले."

बाईंनी पडद्यावरच्या त्या फुगलेल्या गालावर बोट फिरवलं.

"हाच दे फ्रेमला."

"वाटी काट दूँ?"

"खबरदार! हात लावू नको वाटीले."

संध्याकाळी त्यांनी लिहिलं: "श्राद्धाच्या पानात गुलाबजाम करायचे. अर्धा किलो खवा सांगून ठेवला."