टोमेकचं गाव, सध्या पोलंडमध्ये

एकट्या माणसाकडे किस्से फार साचतात. ऐकायला घरी कोणी नाही ना! बायको आणि मुलगी दहावीसाठी पुण्याला गेल्यापासून दुबईत डिस्कव्हरी गार्डन्सच्या फ्लॅटमध्ये मी आणि फ्रीज. फ्रीज ऐकतो, पण दाद देत नाही. म्हणून आज तुम्हाला पकडलंय. सगळे किस्से टोमेकचे. जेएलटीच्या ऑफिसात तो माझ्या शेजारी बसतो आणि राहतो माझ्याच बिल्डिंगमध्ये, वरच्या मजल्यावर.

*

टोमेक पोलंडमधल्या एका चिमुकल्या गावचा. गावाच्या नावात नुसती जोडाक्षरं! एकदा वैतागून मी म्हणालो, "हबीबी, हे नाव आहे की शिंक?"

"मग तू केळ्याला काय म्हणतोस ते मी म्हणून बघू?" म्हणाला, आणि बघितलं म्हणून. पार शिकरण झाली केळ्याची!

*

नव्या एचआरवालीने त्याला विचारलं, "तुमचं गाव पोलंडमध्येच ना?"

"सध्या!"

ती हसली, हा नाही हसला. त्याची पणजी एकाच घरात जन्मली आणि त्याच घरात वारली. मधल्या काळात देश मात्र बदलत राहिले. रशियन आले, जर्मन आले, परत रशियन आले. शाळेतली भाषा बदलायची, नोटा बदलायच्या, चूल तीच.

*

ते घर बाजारचौकात. युद्धाआधी शेजारच्या घरात एक ज्यू कुटुंब राहायचं. निम्मं गावच ज्यू होतं म्हणे. जर्मनांनी सगळ्यांना नेलं, परत कोणी आलं नाही. पुढे ते शेजारचं घर टोमेकच्या आजीला मिळालं. ज्यू लोक दाराच्या चौकटीवर प्रार्थनेची डबी ठोकतात, तिची तिरकी खाच तिथे अजून आहे. आजी दर वर्षी दार रंगवायची, पण खाच तेवढी सोडून.

"का रे?" मी विचारलं.

"आले परत, तर घर ओळखायला नको?"

त्या दिवशी मला डबा गेला नाही.

*

त्याच गावात आता त्याची आई एकटी. वडील याच वर्षी गेले. रोज फोन करून एकच प्रश्न, "आज कोणाबरोबर जेवलास?" हा पठ्ठ्या फूड कोर्टात फोन गोल फिरवतो. "या सगळ्यांबरोबर!" आईचा विश्वास बसत नाही. कसा बसेल? नाताळची सुट्टीही मिळाली नाही, तेव्हा तर ती फोनवर रडलीच.

*

नाताळच्या आदल्या संध्याकाळी मी गाडी लावत होतो. वर बघतो तर टोमेक बाल्कनीत, तोंड आभाळाकडे.

"काय शोधतोयस?"

"पहिली चांदणी! ती दिसल्याशिवाय जेवायचं नाही!"

"म्हणजे तुमची संकष्टीच की रे!"

दुबईच्या दिव्यांत कसली चांदणी! शेवटी एक विमान लुकलुकलं. "यल्ला, हेच धरू," म्हणत तो आत गेला.

मला काही त्याने बोलावलं नव्हतं. पण लिफ्टमध्ये माझ्या मजल्याचं बटण दाबवेना. त्या रिकाम्या घरात शिरलो असतो तर रडलोच असतो. सरळ वर जाऊन त्याची बेल मारली.

टेबलावर दोन पानं मांडलेली. एक त्याचं, दुसऱ्यावर कोणीच नाही. फोन बरणीला टेकवलेला, त्यात त्याची आई. मी चपापलो.

"वडिलांचं पान ना? सॉरी, मी नंतर येतो."

"वडिलांचं नाही रे. न बोलावता जो येईल त्याचं. आमच्याकडे दर वर्षी मांडतात. दुबईत कधी कोणी आलं नाही."

मी बूट काढले आणि त्या पानावर बसलो. फोनमधली आई माझ्याकडे बघतच राहिली. मग डोळे पुसत पोलिशमध्ये भराभर काहीतरी म्हणाली.

"काय म्हणतायत काकू?"

"म्हणते, एवढा उशीर का झाला?"