पाजलंस का?

जगातल्या सगळ्या भानगडींचं मूळ बाटलीत आहे असं मानणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण ती बाटली दारूची नसून दुधाची आहे असं मानणारं माणूस एकच पाहिलं, आणि ती नेमकी माझ्या बायकोची मावशी निघाली. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डाची ती सिस्टर. मी दूध संघाच्या शीतकरण केंद्रावर कारकून. म्हणजे गावोगावचं दूध गोळा करून लोकांच्या पोटात घालायचं ही माझी नोकरी, आणि तान्ह्या लेकराच्या पोटात त्यातला एक थेंबही जाऊ द्यायचा नाही ही तिची. लग्न ठरताना ही गोष्ट कुणी माझ्या कानावर घातली नव्हती.

माणूस माणसाला भेटलं की जयभीम घालतं, मग पाऊसपाणी विचारतं. त्या वर्षांत पाऊसपाणी विचारण्यात काही राम नव्हता हे खरं, पण मावशी जयभीमनंतर एकदम "पाजलंस का?" वर यायची. वॉर्डात, बाजारात, एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत वाढपी भात वाढत असताना. तालुक्यातल्या इतक्या बाया तिच्या हाताखालून बाळंत झाल्या होत्या की प्रश्न बहुधा योग्य पत्त्यावर जायचा. कधी चुकायचाही. आमच्या केंद्रावरच्या मिशाळ ड्रायव्हरला तिनं सवयीनं एकदा विचारलं, तर तो भला माणूस घाबरून "व्हय" म्हणाला आणि दिवसभर कुणाशी बोलला नाही. माझा गुडघा दुखायला लागला तेव्हा तिनं तो दाबून पाहिला आणि गंभीरपणे विचारलं, "जावईबापू, ल्हानपणी बाटलीनं दूध पिलाव का?" मी म्हटलं, मावशी, आमच्या गावात तेव्हा कंदिलाला काच नव्हती, बाटली कुठली? त्यावर तिनं मान हलवली, पण माझ्यावर तिचा विश्वास बसला नसावा. गुडघा अजून दुखतो.

तिचा आवाज असा, की वॉर्डात ती बोलली तर औषधाच्या खिडकीपुढं उभे असलेले पुरुषही सरळ उभे राहत. एकदा येरमाळ्याहून एसटीत मी तिच्याबरोबर होतो. गाडी खचाखच भरलेली. पुढच्या बाकावर एक नवी आई, मांडीवर किंचाळणारं लेकरू, आणि ती बाई लाजून त्याला पदराखाली घेईना. पिशवीतून बाटली काढायला लागली. मावशी उठली. "ड्रायव्हर, तुमी गाडी हाकत ऱ्हावा. आन् गाडीतल्या समद्या बाप्यांनी डाव्या खिडकीतनं भाईर बघायचं." कंडक्टरसकट सगळे बाप्ये डावीकडं वळले. कुणाची मान अवघडली, कुणाचं उतरायचं गाव उजव्या बाजूनं निघून गेलं, पण मागं वळायची कुणाची छाती झाली नाही. तेरखेड्यापर्यंत आम्ही तसेच गेलो. डाव्या बाजूला बघण्यासारखं काही नव्हतं, दुष्काळ होता.

वॉर्डात सापडलेली बाटली ती जप्त करी. नातेवाईक भांडायला आले तर नियमाप्रमाणं परतही करी, फक्त मधल्या काळात तिच्यात रॉकेल भरून ठेवलेलं असे. एका उन्हाळ्यात आमच्या संघाच्या चेअरमनसाहेबांच्या मनात आलं की दुष्काळातल्या तान्ह्या बाळांना दूध भुकटीचे डबे वाटावेत. हार, फोटोवाला, सगळा थाट झाला. मावशीनं डबे हसतमुखानं ठेवून घेतले आणि लगेच भुकटी घालून मोठ्या पातेल्यात चहा टाकायला लावला. एकेका बाळंतिणीला पेलाभर दिला, उरलेला चेअरमनसाहेबांना. "लेकराचं दूध आईला पाजलं, साहेब. आता आई लेकराला पाजंल. वाटप झालं." साहेब चहा प्यायले. दुसऱ्या दिवशी केंद्रावर त्यांनी मला बोलावून एवढंच विचारलं, की त्या बाई तुमच्या कोण लागतात. मी म्हटलं, लांबच्या.

पण तिचं खरं हत्यार खरवस. आमच्याकडं रीत अशी, की बाळंतिणीला पहिल्यांदा येणारं पिवळं, चिकट दूध वाईट समजायचं, पिळून टाकायचं, आणि तोवर लेकराला गुळाचं पाणी नाहीतर मधाचं बोट चाटवायचं. आता गाय-म्हैस व्याली की तिचा असाच पिवळा चीक आम्ही केंद्रावर घेत नाही. कॅनमध्ये मिसळला तर तापवताना सगळं दूध नासतं. शेतकरी तो घरी नेतात, खरवस करून गल्लीभर वाटतात. मावशीनं मला कामाला लावलं होतं. कुणाची म्हैस व्याली की तांब्याभर चीक दवाखान्यात पोचवायचा. त्याचा वेलदोडा घातलेला खरवस करून ती वॉर्डात आलेल्या सासवांना आग्रह करकरून वाढी. सासू बोटं चाटायला लागली की मग हळूच, "लई चांगला लागतो न्हवं? म्हशीचा चीक तुमी गल्लीला वाटता, आन् सुनंचा मोरीत वतता? रेडकापरीस नातू हलका झाला व्हय?" घास तोंडात असलेल्या माणसाला भांडता येत नाही, हे तिनं हेरलं होतं. काही सासवा तिच्या हातचं खात नसत. त्यांना ती खरवस न देता दुप्पट वेळ भाषण देई.

हे सगळं मी हसत हसत सांगतो, पण आमच्या घरात दूध या विषयावर कुणी हसत नव्हतं. दुष्काळाच्या ऐन वर्षात आमचं पहिलं लेकरू गेलं. मुलगा होता. कमल, माझी बायको, तेव्हा माझ्या गावी बाळंत झाली होती. तिचं दूध पातळ आहे, पुरत नाही म्हणून माझ्या आईनं बाटली आणली. टँकरचं पाणी, उकळायला सरपण नाही. लेकराला जुलाब लागले आणि बैलगाडी दवाखान्यापर्यंत पोचायच्या आत ते गेलं. आईनं त्या दिवशी एक वाक्य उच्चारलं, "हिचं दूध बाधलं." पुन्हा कधी ते म्हणाली नाही, म्हणायची गरजच पडली नाही, कारण कमलनं ते खरं धरलं. कुणी विचारलं, किती लेकरं, तर ती मान हलवून आत निघून जाई.

पुढं तिला पुन्हा दिवस गेले, आणि या खेपेला मावशीनं तिला सरळ आपल्या वॉर्डात आणून ठेवलं. मुलगी झाली. इतकी लहान, की बघायला आलेली माणसं नुसतं "नाकीडोळी बरी हाय" म्हणत. ही जगते का नाही, एवढाच प्रश्न आम्हा सगळ्यांच्या तोंडावर होता. लेकरू तोंड वासून पदर शोधत होतं आणि कमल त्याला जवळ घेईना. भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. मावशीनं गोंजारलं, रागावली, खरवससुद्धा आणला. कमल एकच म्हणे, "नगं मावशी. ह्येलाबी बाधलं तर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाकडून आई आली. आल्या आल्या तिनं पदराआडून एक काचेची नळी काढली. माझा लॅक्टोमीटर! दुधात पाणी किती ते बघायचं यंत्र. केंद्रावरचा एक जुना मी घरी फळीवर ठेवलेला होता. आई ते माझ्या हातात देत म्हणाली, "शेतकऱ्यांचं दूध रोज बघतूस न्हवं? मग हिचंबी बघ. चांगलं निघालं तर पाजू दे, वंगाळ निघालं तर म्या शेळी आणून ठिवलीया. भांडण मिटलं." तिचं म्हणणं तिच्या बाजूनं अगदी बिनतोड होतं. मी नळी हातात धरून बायकोच्या खाटेपाशी उभा. माझ्या सगळ्या नोकरीत इतका अवघड नमुना माझ्यापुढं आला नव्हता.

मावशीनं ती नळी माझ्या हातातून काढून घेतली. मला वाटलं आता दवाखान्याची कौलं उडणार. ती म्हणाली, "विहीणबाई, ही बुडायला तांब्याभर दूध लागतंय. लेकराचं पोट बोराएवढं. आन् सोसायटीच्या दुधात पाणी घालणारे लई हायती. हिच्या दुधात घालणारा अजून जल्माला यायचाय." वॉर्ड हसला. आई हसली नाही. "तुमाला काय जातंय हसाया," ती म्हणाली, "माझा नातू गेलाय हिच्या दुधानं." आणि तिथंच भिंतीला टेकून रडायला लागली. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की आई इतकी वर्षं सुनेवर चिडलेली नव्हती, घाबरलेली होती.

मावशीनं नळी बाजूला ठेवली. मग ती कमलच्या उशाशी बसली आणि हळू, अगदी साध्या आवाजात बोलली. तिचा असा आवाज वॉर्डानं कधी ऐकला नव्हता. "कमल, हिकडं बघ. त्ये लेकरू बाटलीतल्या पाण्यानं गेलं. तुज्या दुधानं न्हाय. जेवढं जगलं तेवढं तुज्याच दुधावर जगलं." कमलनं भिंतीकडून तोंड वळवलं. मावशी आईकडं वळली. "आन् विहीणबाई, तुमचाबी इलाज नव्हता. पाणी न्हाय, सरपण न्हाय, काय करणार मानूस? आता रडू नगा, काम हाय. लेकरू पदराखाली निसटतंय. तुमी हितं बसायचं, त्येचं डोकं असं धरायचं, आन् कुणी बाटली आणली तर हाकलायचं. माझ्यानं एकटीनं व्हत न्हाय."

हे शेवटचं धादांत खोटं होतं. पण आईनं डोळे पुसले आणि नातीचं डोकं धरलं. कमलच्या डोळ्यांतून आणि अंगातून एकदमच धारा लागल्या. पोरगी चुटूचुटू प्यायला लागली तशी आई ओरडली, "पितीया! आरं, पितीया!" त्या आनंदात तिनं शेजारच्या खाटेवरच्या सासूची मधाची वाटी उचलून खिडकीतून बाहेर टाकली. कमलला घरी सोडेपर्यंत आईनं वॉर्डात असा धाक बसवला, की मावशीलाच तिला आवरावं लागलं. गावी गेल्यावर आईनं शेळीही परत पाठवली. लॅक्टोमीटर मावशीनं मला परत केला नाही. वॉर्डाच्या दारावर दोऱ्यानं टांगून ठेवला होता, कशासाठी ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण सासवा त्याच्याकडं बघून आत येत.

मुलगी जगली, वाढली, आता स्वतः आई झाली. मावशी निवृत्त होऊन भाच्याकडं राहायला गेली आणि हळूहळू सगळं विसरत गेली. आधी नावं, मग माणसं, मग जेवण झालं का नाही ते. आमची नात, म्हणजे तिची पणती, दाखवायला म्हणून आम्ही तिच्याकडं गेलो. ती खाटेवर बसलेली, एवढीशी झालेली. मला ओळखलं नाही. कमललाही नाही. मग कमलकडं बघून म्हणाली, "किती लेकरं गं तुला?"

या प्रश्नाला कमल सवयीप्रमाणं उठून आत जाईल असं मला वाटलं. ती उठली नाही. मावशीचा हात हातात घेऊन म्हणाली, "दोन."

"दोघांलाबी पाजलंस का?"

"पाजलं, मावशी. दोघांलाबी."

मावशीनं समाधानानं मान हलवली. मी डाव्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत बसलो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.