चार लाख जमेपर्यंत

गेल्या मंगळवारी मालकाकडून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली आणि सुनंदाला घेऊन सरकारी ऑफिसात गेलो. मूल दत्तक घेण्याची चौकशी करायला. सुरतेत पंचवीस वर्षं झाली, पण त्या बाजूला आम्ही कधी फिरकलो नव्हतो.

आम्हाला मूलबाळ नाही. नऊ वर्षांपूर्वी डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा दत्तक घ्यायचं दोघांनी ठरवलं. आमच्या कापड मार्केटमधले एक जाणकार गृहस्थ म्हणाले, चार लाख तरी लागतात... मी साड्यांच्या घड्या घालणारा माणूस. म्हटलं, आधी पैसे जमवू, मग जाऊ.

नऊ वर्षं तेच केलं. मी दोन भिश्या लावल्या. सुनंदा पर्वत पाटिया भागातल्या आमच्या खोलीत बसून साड्यांवर खडे चिकटवायची, तिला जाड चष्मा लागला. गाडीभाडं वाचावं म्हणून गावच्या लग्नांनाही गेलो नाही. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चार लाख पुरे झाले.

ऑफिसातल्या मॅडम गुजराती, पण आमच्याशी हिंदीत, आपुलकीने बोलल्या. मी पासबुक पुढे ठेवलं तर हसायलाच लागल्या. "काका, इतना किसने बोला? सब मिलाके लाख भी नहीं लगता. वो भी एक साथ नहीं... थोडा रजिस्ट्रेशन के टाइम, बाकी बच्चा मिले तब."

एवढे पैसे तर आमच्याकडे सात वर्षांपूर्वीच होते.

मग त्यांनी वयं विचारली. माझं एकोणपन्नास, सुनंदाचं शेहेचाळीस. नवरा-बायकोच्या वयाची बेरीज पंच्याऐंशीच्या वर गेली की दोन वर्षांच्या आतलं बाळ मिळत नाही म्हणे. आमची पंच्याण्णव. आता चार वर्षांपुढचंच मूल... आणि त्यालाही मोठी रांग.

"इतने साल किसलिए रुके, काका?"

मी पासबुकाकडे बोट दाखवलं.

बाहेर येऊन सुनंदा पायरीवरच बसली. सव्वीस वर्षांच्या संसारात ती मला कधी उणं बोललेली नाही. एवढंच म्हणाली, "अहो, विचारायला तर पैसे पडत नव्हते ना..."

रिकाम्या हाताने ऑफिसात गेलं तर कोणी उभं करणार नाही, असं मनात घट्ट बसलेलं. त्या भीतीपायी तिच्या मांडीवर येणारं तान्हं गेलं.

चार वर्षांपुढच्या मुलासाठी फॉर्म भरलाय. किती वर्षं थांबावं लागेल, ते कोणालाच सांगता येत नाही. तुमच्यापैकी कोणाच्या मनात असेल तर आधी जाऊन विचारा. पैशांचं मागाहून बघता येतं...

इतकी वर्षं रोज सकाळी देवापुढे हात जोडून मी फक्त पैसे मागितले. त्याने ते केव्हाच देऊन ठेवले होते. आता कोणत्या तोंडाने आणखी काही मागू?