काकूंचा शेक

सुशीलाकाकू. हे नाव आधी लिहितो. पुढचं सांगताना वाक्यं वेडीवाकडी होतील, मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस. पण हा उजवा हात आज लिहू शकतो तो त्यांच्यामुळे, एवढं तरी पहिल्याच ओळींत यावं असं वाटलं.

काकू गेल्या त्याला महिना होऊन गेला. एकाहत्तरची लढाई चालू होती, कारखान्यात डबल पाळ्या होत्या. सुटून गेटाबाहेर आलो तर काका सायकल धरून उभे. रेल्वेतून रिटायर झालेला माणूस, माझ्या गेटावर कधी आले नव्हते. "चल शिवराम," म्हणाले, "तुझी काकू ऐकून नाही राहिली माझं..." मला वाटलं, तापाचं औषध घेत नसतील. घरी पोचेपर्यंत मला तसंच वाटत होतं.

माझं गाव संगमेश्वराकडलं. लष्कराच्या कारखान्यात भरती चालू आहे असं ऐकून जबलपूरला आलो तेव्हा इथं ओळखीचं कुणी नव्हतं. मदन महल वस्तीत काकूंच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहू लागलो. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. मराठी घरात, उंबऱ्याबाहेर सगळी हिंदी. पासष्टच्या लढाईच्या दिवसांत पत्रा उचलताना हातातून निसटला आणि मनगट आतून कापलं गेलं. बोटांना स्पर्श कळवणारी नस जोडायचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, टाके मी घातलेत, पण मनगटापासून बोटांपर्यंत नस आपली आपण वाढत जाईल, मुंगीच्या चालीनं. पोचेल की नाही ते आत्ता सांगता येत नाही. नाही पोचली तर मशीनवर उभं राहणं संपलं. आणि मला दुसरं येत काय होतं... गावी आईला एवढंच कळवलं की हाताला लागलंय, काळजी करू नको.

प्लास्टर निघालं तेव्हा हात पांढराफटक, गार, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर. बाहेर कडाक्याची थंडी. काकूंना तो गार हात बघवेना. त्यांनी तव्यावर मीठ तापवलं, फडक्यात बांधलं आणि पुरचुंडी गाठीला धरून मला शेकायला बसल्या. आपल्याकडे दुखऱ्या हाताला शेक द्यावा हे कुणाला शिकवावं लागत नाही.

"गरम लागून राहिलं का?"

"नाही काकू."

त्यांनी पुरचुंडी पुन्हा तव्यावर धरली. "आता?"

"नाही."

"अच्छा? काहून रे, मीठ इतक्या लवकर थंडं होऊन राहिलं?" म्हणत त्या पुन्हा उठल्या. मी आपला आईच्या हातच्या आंबोळ्यांचं काहीतरी सांगत बसलेला. मग बोटांवर पाण्याचे फोड दिसले. काकूंनी पुरचुंडी स्वतःच्या गालाला लावून बघितली आणि हात एकदम मागे घेतला. आत गेल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

डॉक्टर मला रागावले. या हाताला गरम-गार कळत नाही, डोळ्यांनी बघत जा, जखम चिघळली तर बोट जाईल. काकू बाहेरच्या बाकावर बसून सगळं ऐकत होत्या. तेव्हापासून माझा चहाचा पेला आधी त्यांच्या मुठीत, आंघोळीचं पाणी आधी त्यांच्या कोपरावर. जखमेवरची पट्टी त्या स्वतः बदलायच्या, श्वास रोखून.

काकांनी घरात हसू परत आणलं ते त्यांच्या रेल्वेनं. डॉक्टरांनी दाखवलेलं, की बोटानं नसेवर टिचकी मारायची. जिथवर नस वाढली असेल तिथं झिणझिण्या येतात. काकांनी मनगटाला इटारसी स्टेशन केलं, तळहाताला पिपरिया, बोटांच्या मुळाला नरसिंहपूर. बोटाचं टोक म्हणजे जबलपूर. रोज सकाळी काकू टिचक्या मारत जायच्या आणि काका पेपरामागून विचारायचे, "कुठवर आली?"

"पिपरियालाच उभी आहे अजून."

"पॅसेंजर आहे बाई, सिग्नल नाही मिळाला."

"तुमच्याच खात्याची दिसते," काकू म्हणायच्या.

झिणझिण्या पुढे सरकल्या तशी काकूंनी नवी तालीम काढली. परातीत तूर, हरभरा, तांदूळ एकत्र करायचे, माझे डोळे पदरानं बांधायचे आणि म्हणायचं, निवड. "हा तांदूळ?" मी विचारी. "वा, या हातानं तर आमच्याकडे लग्नात अक्षता म्हणून हरभरे पडतील." एक दिवस तुरीत बोटाला काहीतरी बोचलं. मी म्हटलं, "खडा." काकूंनी माझ्या डोळ्यांवरचा पदर सोडला नाही... त्यांना आपले डोळे दाखवायचे नव्हते.

मी मशीनवर परत उभा राहिलो. वर्षं गेली. पण काकूंच्या मनातला तो फोड बसला नाही. दर दिवाळीला विचारायच्या, "तुझ्या आईला कधी आणशील? मला तिच्यापुढं हात जोडायचे आहेत. पोराचा आधीच मेलेला हात मी भाजला." मी म्हणायचो, "आणतो काकू, या उन्हाळ्यात." कधी रजा नसायची, कधी आईच प्रवासाला भ्यायची.

काकू गेल्यावर तिसऱ्या दिवशी अस्थी वेचायला काकांना वाकवेना. मुलगा नाही, त्यांनी मला पुढं केलं. राख वरून गार होती. बोटं आत गेली आणि खाली ऊब लागली, अगदी थोडी.

"सांभाळ, भाजेल," काका म्हणाले.

"कळतंय काका," मी म्हटलं, आणि बोटं तशीच त्या उबेत ठेवली.

काकू, तुम्ही होता तोवर मला हे जमलं नाही. पण लढाई आता संपली आहे, रजा मिळेल. एक दिवस आईला घेऊन येईन. नर्मदेवर तिलवाऱ्याच्या घाटाला, जिथं तुमच्या अस्थी सोडल्या तिथं, तिला पाण्यात उभी करीन. हात तुम्ही नाही, तीच जोडेल तुमच्यापुढं. एवढी फेड माझ्याकडे राहिली आहे, ती मी करीन.